अकरा तंटे

पद्मजा मगदूम यांचा आवाज यंत्राने ओळखला, यात नवल काहीच नव्हतं. मिरजेच्या त्या रुग्णालयात लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळेच तो ओळखत. एकवीस वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली ही इनचार्ज सिस्टर. तिने व्हरांड्यात नुसतं खाकरलं तरी नातेवाईक मोबाइल खिशात घालत. नवल होतं ते त्या आवाजाने जे सांगितलं त्याचं.

"सात नंबर. मेटोप्रोलॉल, पाच मिलिग्रॅम, शिरेतून."

सांगलीच्या 'सूत्रपाठ' कंपनीत शनिवारी सकाळी रेवती मगदूमने हे वाक्य चौथ्यांदा ऐकलं आणि कानातली बोंडं काढून टेबलावर ठेवली. रेवती म्हणजे पद्मजाची सख्खी नणंद. वय चौतीस, लग्न केलेलं नाही, राहायला मिरजेत दादा-वहिनींकडे. आणि ज्या यंत्राने तो आवाज टिपला होता, त्या यंत्राचा मेंदू बांधणाऱ्यांपैकी ती एक.

दोन हजार एकोणचाळीस साली असे बोलते पंप एकशे चाळीस रुग्णालयांत बसले होते. डॉक्टरांनी खाटेपाशी उभं राहून औषध सांगायचं, खाटेच्या उशाचा पंप ते ऐकणार आणि तेवढंच औषध शिरेत सोडणार. बटणं नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, डॉक्टरांचं अक्षर लावत बसणं नाही. गेल्या गुरुवारी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी डॉक्टर साळवींनी सात नंबरच्या काशीबाई हुलवानांसाठी हृदयाची धावपळ आवरणारं हे औषध सांगितलं. पंपाने ते दिलं. तेवीस सेकंदांनी तेच वाक्य पद्मजाच्या आवाजात आलं. इनचार्ज सिस्टरला ठरावीक औषधं पुन्हा देण्याचा अधिकार होता, म्हणून पंपाने तेही दिलं. आधीच थकलेलं हृदय इतकं मंदावलं की काशीबाई शुद्धीवर आल्याच नाहीत.

"तू नको बघूस हे प्रकरण," हळबे सर म्हणाले होते. श्रीनिवास हळबे, वय एकसष्ट, कंपनीतले सगळ्यात जुने. रेवतीला हे काम त्यांनीच शिकवलं. "घरचं माणूस आहे. दुसऱ्या कुणाला तरी देतो."

"घरचं आहे म्हणूनच मी बघते, सर. उद्या झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको."

या एका वाक्याचा तिला फार अभिमान वाटला. माणूस न्यायी दिसायच्या नादाला लागला की न्याय करायचं राहूनच जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने यंत्राची तपासणी चालवली. पडद्यावर नेहमीचं वाक्य उमटलं: अपेक्षित तंटे अकरा, सापडले अकरा, सर्व ठीक. दुपारी बाराच्या आत तिने अहवालाखाली सही केली. यंत्रात दोष नाही. दुसरा डोस सिस्टर मगदूम यांच्या तोंडी आदेशावरून गेला.

हे तंटे काय असतात ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पंपाला माणसाचं बोलणं समजत नाही. त्याच्या पोटात एक तक्ता असतो, आणि तो तक्ता माणूस हाताने लिहीत नाही. माणूस फक्त नियम लिहितो: आदेश म्हणजे आधी खाटेचा नंबर, मग औषध, मग माप. असे दोनेकशे नियम एका प्रोग्रामच्या तोंडात घातले की तो त्यांच्यापासून हजारो 'अवस्था' तयार करतो आणि कुठल्या अवस्थेत कुठला शब्द आला तर कुठल्या अवस्थेत जायचं, हे तक्त्यात मांडतो. सूत्रपाठचा धंदा म्हणजे हा तक्ते विणणारा प्रोग्राम. पंप प्रत्येक शब्दागणिक एका अवस्थेतून दुसरीत सरकतो. सापशिडीत सोंगटी चौतिसाच्या घरात असली की ती शिडीने आली की सापाने, याच्याशी पुढच्या फाशाला काही देणंघेणं नसतं, तसंच याचंही. आपण कुठे उभे आहोत एवढंच त्याला ठाऊक. कसे आलो, ते विसरलेलं.

आता पंपाच्या चिपमध्ये जागा बेताची. पुरा तक्ता चौदा हजार अवस्थांचा, तो मावेना. म्हणून प्रोग्राम दिसायला सारख्या अवस्था एकत्र करून टाकतो आणि नऊशेंत भागवतो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण कधीकधी दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या अवस्था एक झाल्या की एकाच शब्दावर दोन नियम हक्क सांगायला लागतात. त्याला सगळे कॉन्फ्लिक्ट म्हणत, हळबे सर तंटा म्हणत. तंटा झाला की प्रोग्राम कोड्यात पडून बसत नाही. फाइलीत जो नियम आधी लिहिलेला असेल त्याच्या बाजूने निकाल देतो आणि पुढे जातो. सूत्रपाठच्या तक्त्यात असे अकरा तंटे होते, अकराही तपासलेले, निरुपद्रवी. रोज उठून तेच तेच इशारे कोण वाचणार? म्हणून सरांनी फार पूर्वी सोय केली होती: प्रोग्रामला आकडा सांगून ठेवायचा. अकरा सापडले तर गप्प बैस, बारा सापडले तर ओरड.

रविवारी काशीबाई गेल्या. रुग्णालयाने पद्मजाला घरी बसवलं आणि शुक्रवारी परिचर्या परिषदेच्या समितीपुढे चौकशी ठेवली. परिचारिका म्हणून नोंदणी राहणार की रद्द होणार, ते त्या दिवशी ठरायचं होतं. रद्द झाली तर या देशात कुठल्याही रुग्णालयात तिला साधं सलाईनही लावता येणार नव्हतं. नर्सपणाखेरीज दुसरं काही तिला येत नव्हतं, आणि नको होतं.

घरात मग एक चमत्कारिक शांतता आली. दादा, म्हणजे अजित, शाळेत शिकवायला निघून जाई. वहिनी सकाळी उठून भाकऱ्या थापत, रेवतीचा डबा भरत, बिनचूक, एक दिवस खाडा नाही. रेवती डबा उचलून "येते हं" म्हणे आणि वहिनींच्या कपाळाच्या वर कुठेतरी बघे. आपण सही केली आहे हे तिने घरात सांगितलं नव्हतं. अशी सही कुणीतरी केली आहे, एवढंच वहिनींना माहीत होतं.

रेवतीच्या मनात आता सगळ्यालाच वेगळा रंग चढायला लागला. वहिनी हल्ली थकलेल्या असत, नाही का? मागच्या महिन्यात चहात दोनदा साखर घातली होती. दादाला दोनदा एकच निरोप सांगितला होता. पन्नाशीकडे झुकलेली बाई, विसरली असेल आपण डोस दिला ते. एकदा शंका घ्यायची ठरवली की पुरावे चालत घरी येतात, आणि रेवतीने तर दार सताड उघडं ठेवलं होतं.

सोमवारी संध्याकाळी वहिनी मेथी निवडता निवडता आपणहून म्हणाल्या, "आवाज माझाच हाय गं. त्यांनी ऐकवला मला. मला तर आठवत न्हाई मी दुसऱ्यांदा द्या म्हणाले ते. पण आवाज खोटं कशाला बोलंल?"

रेवतीने यावर काहीतरी विचारायला हवं होतं. ती म्हणाली, "होईल सगळं नीट, वहिनी," आणि खोलीत निघून गेली.

बुधवारी सकाळी मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. दादा दाढी करता करता न्हाणीघरातून ओरडला, "पद्मा, बंब बंद कर आणि दूध खाली उतरव!" स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "बंब बंद. दूध खाली." काही ठरवून नाही, सवयीने. अतिदक्षता विभागात एकवीस वर्षं हीच रीत होती: डॉक्टरांनी सांगितलेलं सिस्टरने मोठ्याने परत म्हणायचं, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथल्या तिथे कळते. नर्सिंगच्या मुलींना वहिनी हेच आधी शिकवत, औषधांची नावं नंतर.

रेवती चपला घालता घालता थांबली. त्या ध्वनिफितीतला आवाज असाच होता. सपाट, खाली उतरणारा. हुकूम देताना माणूस असं बोलत नाही.

कार्यालयात येऊन तिने आदल्या वर्षीचा तक्ता शोधला. नव्या तक्त्याशी ताडून बघायचा होता. जागेवर नव्हता. नोंदीत दिसत होतं: सोमवारी दुपारी काढून घेतला. काढणाऱ्याचं नाव श्रीनिवास हळबे.

आता तिचा संशय वहिनींवरून उठून सरांवर जाऊन बसला, आणि तिथे तो जास्त ऐसपैस बसला. दिवसभर ती सरांकडे चोरून बघत होती. सर जेवले नाहीत. सर दोनदा तिच्या टेबलापर्यंत येऊन परत गेले. सरांनी फोनवर बोलताना पाठ फिरवली. एरवी हे सगळं तिने सरांच्या जुन्या मधुमेहाच्या खात्यावर टाकलं असतं. आज प्रत्येक हालचालीत काळंबेरं दिसत होतं. गुरुवारी सकाळी ती सरळ त्यांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"सर, जुना तक्ता कुठाय?"

हळबे सरांनी चष्मा काढला. "माझ्याकडे आहे."

"का काढलात?"

"बस आधी."

"मी उभीच ठीक आहे. एक बाई गेली, दुसरीची नोंदणी जातेय, आणि तुम्ही तक्ते लपवताय?"

सरांनी कपाटातून कागदांची दोन भेंडोळी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. छापून काढायची त्यांची जुनी खोड. "डावीकडचे जुने अकरा. उजवीकडचे नवे अकरा. वाच."

रेवती वाचू लागली. पहिले सहा तेच. सातव्यापाशी तिचं बोट थबकलं. जुन्या यादीतला सातवा तंटा अर्ध्या मिलिग्रॅमच्या मापाबद्दलचा होता. फेब्रुवारीत तो तिनेच सोडवला होता, आणि त्याबद्दल पेढेही वाटले होते. नव्या यादीत तो नव्हता; असणारच नव्हता. मग यादी दहाची व्हायला हवी होती. पण शेवटी एक नवीन तंटा आला होता, आणि मोजदाद पुन्हा अकरावर.

"फेब्रुवारीत आणखी काय घातलंस?" सरांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

"मधेच दुसऱ्या खाटेचा आदेश आला तर तो आधी घ्यायचा. डॉक्टरांनी मागितलं होतं."

नवा तंटा तिथेच होता. एरवी डॉक्टरांचा आदेश झाला की पंप 'आता सिस्टर परत म्हणेल' अशा अवस्थेत उभा राही. सिस्टरचे शब्द आले की ते नुसता दुजोरा म्हणून मोजी. पण मधेच दुसऱ्या खाटेचं बोलणं शिरलं आणि मग पंप पहिल्या खाटेकडे परतला, की ती अवस्था आणि 'अजून कुणी काही सांगितलेलं नाही' ही कोरी अवस्था दिसायला सारख्या. प्रोग्रामने दोन्ही एकत्र केल्या होत्या. आता त्याच शब्दांवर दोन नियम भांडत होते: हा दुजोरा की हा नवा आदेश? फाइलीत आदेशाचा नियम आधी होता. निकाल आदेशाच्या बाजूने. आणि दुसऱ्या खाटेचं बोलणं त्या खाटेच्या नोंदीत गेलेलं, म्हणून सात नंबरच्या ध्वनिफितीत फक्त दोन वाक्यं उरली. डॉक्टरांचं एक आणि वहिनींचं एक.

एक तंटा गेला, एक आला. आकडा जुळला. प्रोग्राम गप्प बसला. अकराचे दहा करायला ती विसरली होती, एवढंच.

"नव्या तक्त्यावर सही कुणाची आहे?" तिने विचारलं, जरी ते कागदावर दिसत होतं.

"तुझी." सर खिडकीकडे बघत होते. "सोमवारी कळलं मला. म्हटलं, गुपचूप दुरुस्त करून पाठवू, शुक्रवार जाऊ दे, मग तुला सांगू. तुझी सगळी कारकीर्द पुढं आहे."

"आणि वहिनींची?"

हळबे सर भेंडोळी गुंडाळू लागले. म्हातारा माणूस, डोळे भरून आले होते, पण रेवतीला त्यांची दया आली नाही. स्वतःचीही आली नाही. तिने तिथेच बसून एकशे चाळीस रुग्णालयांना संदेश पाठवला: तोंडी आदेश ताबडतोब बंद करा, पंप हाताने चालवा, फेब्रुवारीपासूनच्या नोंदींत अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा गेलेला डोस असेल तर कळवा. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

त्या संध्याकाळी घरी तिने सांगितलं, की यंत्राचं काहीतरी निघालंय, उद्या दाखवते. सहीचं तेव्हाही तोंडातून निघालं नाही.

शुक्रवारी अकराला रुग्णालयाच्या सभागृहात तीन जणांची समिती बसली. पद्मजा पांढरी साडी नेसून आली होती. गणवेश घालायला परवानगी नव्हती. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" तशी तिने तो पुढे केला.

अध्यक्षबाईंनी तो मोठ्याने वाचला. "मला आठवत नाही. परंतु आवाज माझा आहे. माझ्याकडून चूक झाली असावी."

"तो कागद बाजूला ठेवा," रेवती उभी राहिली. "शनिवारच्या अहवालावर सही माझी आहे. अहवाल चुकीचा आहे. मला एक रिकामी खाट आणि डॉक्टर साळवी पाहिजेत."

वहिनींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

रिकाम्या खाटेच्या पंपात नुसतं मिठाचं पाणी भरलं आणि कालपासून बंद असलेले तोंडी आदेश तेवढ्यापुरते चालू केले. बाजूच्या खाटेलाही तसंच. डॉक्टर साळवींनी आदेश म्हटला, पद्मजाने परत म्हटला. औषध सोडल्याची खूण म्हणून पंप एकदाच टकटकला. "आता तेच," रेवती म्हणाली, "पण मधेच शेजारच्या खाटेचं सलाईन बंद करायला सांगा."

डॉक्टरांनी आदेश सांगितला, पंप टकटकला. मधेच वळून शेजारचं सलाईन बंद करायला लावलं. पद्मजाने ते बंद केलं, तसं म्हणाली, मग पहिल्या खाटेचं परत म्हणाली, सपाट, खाली उतरणाऱ्या आवाजात. पंप टकटकला. दुसऱ्यांदा. नळीतून पाण्याचा थेंब खाली घरंगळताना सगळ्यांना दिसला.

डॉक्टर साळवींनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. "मी वळलो होतो," ते म्हणाले. "आठ नंबरकडे. माझ्या लक्षातच नव्हतं."

पुढचं फार वेळ चाललं नाही. नोंदणी कायम राहिली, सोमवारपासून कामावर या असं सांगितलं गेलं, अध्यक्षबाईंनी तो कागद परत दिला आणि हात जोडले. सूत्रपाठवर आणि रेवतीवर वेगळी चौकशी बसणार होती. तिला त्याचं काही वाटलं नाही.

जिन्यावर दोघी एकट्याच होत्या. रेवतीच्या हातातला फोन थरथरला. कालच्या संदेशाला आलेल्या उत्तरांची यादी होती. तिने ती उघडली.

"शनिवारी तू सही केलीस," वहिनी म्हणाल्या. रागाने नाही. "तवा तुला माझाच संशय आला व्हता?"

"हो."

"आला तर आला. माझा मला आला, तर तुझं काय घेऊन बसायचं." वहिनी एक पायरी उतरल्या आणि थांबल्या. "पण सहा दिवस एका घरात होतो की गं. एकदा इचारायचं तरी."

"काय विचारणार होते, वहिनी?"

"काय झालं म्हणून! सांगितलं असतं. साळवी सर मधीच आठ नंबरकडं वळले, मी आधी आठचं बंद केलं, मग सातचं म्हणाले. एवढंच तर झालं. हास्पिटलवाल्यांनी फकस्त इचारलं, आवाज तुमचा का. तू तर तेवढंबी न्हाई इचारलंस. शनिवारीच बोलली असतीस तर दोन मिन्टांचं काम व्हतं."

रेवतीने नजर फोनकडे वळवली. फोनच्या पडद्यावर नऊ नोंदी होत्या. आठ ठिकाणी दुसरा डोस गेला होता पण औषध साधं होतं, काही झालं नव्हतं. नववी नोंद दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका प्रसूतिगृहाची. तारीख मंगळवारची.

सांगितलं नाही तरी चाललं असतं, निदान आज तरी. वहिनींचा चेहरा आठवड्याने मोकळा झाला होता. पण न विचारता आणि न सांगता जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणखी काही लपवायची रेवतीची छाती झाली नाही.

"वहिनी, मंगळवारी अजून एक गेली," ती म्हणाली. "असंच झालं. सव्वीस वर्षांची होती. बाळंतीण."

पद्मजा मगदूम कठड्याला धरून हळूहळू पायरीवर बसल्या. पांढऱ्या साडीला धूळ लागली, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं.

रेवतीने यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. नाव कुठेच नव्हतं. खाट क्रमांक बारा, वय सव्वीस, औषध, माप, वेळ आणि 'मृत', एवढंच लिहिलं होतं.